‘४४’ म्हणजे ४४ नव्हे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला शिडाच्या जहाजांच्या युद्धखेळांवरचा लेख वाचला. राग उतरावा म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. उतरला नाही.

लेखक महाशय म्हणतात, प्रत्येक जहाजाची ताकद ‘इतिहासाबरहुकूम’ ठरवली आहे. कशी? तर तोफांच्या आकड्याला दहाने भागून! म्हणजे अमेरिकेचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ ४४ तोफांचं, म्हणून सोंगटीवर ४. इंग्रजांचं ‘जावा’ ३८ तोफांचं, तेही ४. झाली बरोबरी. आमच्या वाण्याचा हिशेबही यापेक्षा काटेकोर असतो.

अहो, ४४ आणि ३८ हे वर्गवारीचे आकडे. ‘कॉन्स्टिट्यूशन’वर प्रत्यक्षात पन्नासच्या वर तोफा होत्या. ‘जावा’वरही ३८ पेक्षा जास्तच होत्या, कारण कॅरोनेड या आखूड तोफा इंग्रज आरमार तेव्हा मोजणीतच धरत नसे. खरा फरक गोळ्याच्या वजनाचा. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मुख्य तोफा २४ पौंडी, ‘जावा’च्या १८ पौंडी. त्यात अमेरिकन जहाजाचं लाकूड जाडजूड आणि ‘जावा’वरचे खलाशी बरेचसे नवखे. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ गाठ पडली. ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लॅम्बर्ट जिवानिशी गेला आणि जहाज इतकं मोडलं की जिंकणाऱ्यांनी ते ओढून नेण्याऐवजी जाळून टाकलं. ही तुमची ४ विरुद्ध ४.

(‘जावा’ निघालं होतं मुंबईला. आपल्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेसाठी त्यावर तांब्याचे पत्रे होते आणि प्रवाशांत जनरल हिस्लॉप होते. पुढे १८१७ साली महिदपूरला होळकरांशी लढले, तेच. मराठी वाचकाला यात गोडी वाटली असती, पण लेखात चकार शब्द नाही.)

आता माझं दुखणं सांगतो. गेल्या वर्षी पुण्यात एका खेळ-संध्येला हाच खेळ मांडला होता. मी घरून पांढऱ्या कागदाचे चौकोन कापून, त्यावर पेन्सिलीने दुरुस्त आकडे लिहून नेले आणि संयोजकांना विचारूनच ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या सोंगटीवर ६ डकवला. ते जहाज नेमकं माझ्याच वाट्याला आलं, हा काही माझा दोष नव्हे. समोरचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, “काका, ही चीटिंग आहे.” मी त्याला वर्गवारी समजावून सांगू लागलो, तर “काका, मजेसाठी खेळतोय ना आपण?” मग संयोजकांनी नखाने कागद खरवडला. डिंक घरचा, घट्ट. कागदाबरोबर सोंगटीचा छापील आकडा, झेंडा आणि अर्धं शीड निघून आलं. वर भरपाई म्हणून माझ्याकडून साडेतीनशे रुपये घेतले! ती सोंगटी आता माझ्या चष्म्याच्या डबीत असते. त्यावर ताकद काहीच नाही, कोरा पुठ्ठा.

नुसती तोफेची पौंडं वाढवूनही भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. १ जून १८१३ ला बोस्टनबाहेर इंग्रजांच्या ‘शॅनन’ने अमेरिकेच्या ‘चेसापीक’ला पाव तासात गुंडाळलं. दोन्ही ३८ च्या वर्गातली, मुख्य तोफाही १८ पौंडीच. पण ‘शॅनन’च्या कप्तान ब्रोकने वर्षानुवर्षं तोफा डागण्याचा सराव करून घेतला होता. सरावासाठी वेगळा आकडा हवा, असं मी त्या संध्याकाळी म्हणणार होतो, पण तोवर चहा आला होता आणि माझं कोणी ऐकत नव्हतं.

आपल्या लेखकांचा अभ्यास दांडगा असेलही. मात्र ‘फ्रिगेट’ (म्हणजे अशी वेगवान युद्धनौका) हा शब्द तीन ठिकाणी ‘फ्रिजेट’ छापला आहे. दारूगोळा थंड ठेवायची सोय होती की काय?

ता. क. सलग दोन रविवार शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. आडवे १७ अजून अडलंय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे