दारुमा, बिंझुरू आणि योशिवाराच्या बायका

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला, "ही बाई पाण्यात काडीवर कशी काय उभी आहे गं?" दोन ओळीत सांगता येण्यासारखं नाहीये म्हणून लिहायलाच बसले, निवांत वाच.

ते चित्र सुझुकी हारुनोबूचं. १७६५ च्या आसपास एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांवरून अनेक रंगांत छापायची पद्धत जमून आली, त्यातलं सगळ्यात मोठं नाव त्याचं. आणि ती काडीवरची मुलगी म्हणजे दारुमा आहे! दारुमा म्हणजे बोधिधर्म, दक्षिण भारतातून चीनला गेला असं परंपरा सांगते तो, झेन या बौद्ध पंथाचा मूळ पुरुष. त्याने यांगत्से नदी बोरूच्या एका काडीवर उभं राहून पार केली अशी गोष्ट आहे आणि चीन-जपानच्या चित्रकारांनी त्याला शेकडो वर्षं तसाच काढला, दाढीवाला, डोळे वटारलेला. हारुनोबूने तीच काडी ठेवली, तेच पाणी, तोच वारा, आणि वर एक नाजूक पोरगी उभी केली. खाली नाव लिहायची गरजच नव्हती, एदोतल्या माणसाला बोरू दिसला की दारुमा आठवणारच. अशा, जुन्या गोष्टीला नवा वेष चढवणाऱ्या चित्रांना मितातेए म्हणतात.

दारुमासारखेच दुसरे साधू म्हणजे रकान. रकान म्हणजे अर्हत, बुद्धाचे शिष्य. तिकडे सोळा रकान प्रसिद्ध आहेत, शिवाय पाचशेंचाही एक समूह आहे. प्रत्येकाची काही ना काही खूण ठरलेली, कुणाच्या भिक्षापात्रातून ड्रॅगन निघतोय, कुणाशेजारी वाघ बसलाय. सुरकुतलेले, हाडं दिसणारे, लांब भुवयांचे म्हातारे बाबा सगळे. पण एदोतल्या लोकांना ते परके नव्हते हं, शहरातच गोह्याकु राकानजी नावाचं देऊळ होतं, शोउन गेन्केई नावाच्या भिक्षूने एकट्याने शेकडो रकान लाकडात कोरलेले, आणि त्या देवळाचा उंच सज्जा चित्रकार होकुसाईने फुजी डोंगराच्या छत्तीस दृश्यांत काढलाय. ते देऊळ आता टोकियोतच मेगुरोला आहे आणि तीनशेच्या वर मूर्ती अजून शिल्लक आहेत.

मला सगळ्यात जवळचा वाटतो बिंझुरू, म्हणजे पिंडोल भारद्वाज. राजगृहात एका शेटजीने चंदनाचं पात्र उंच बांबूवर टांगलं, ज्याच्यात सिद्धी असेल त्याने काढून न्यावं म्हणाला, आणि या पठ्ठ्याने हवेत उडून ते काढलं. बुद्ध रागावले, एका लाकडी भांड्यासाठी चमत्काराचं प्रदर्शन करतोस? पुढच्या परंपरेत तर अशी शिक्षा सांगतात की तुला निर्वाण नाही, इथेच जगात राहा आणि लोकांच्या कामी ये. म्हणून जपानात त्याची मूर्ती गाभाऱ्यात नसते, बाहेर असते. नारा शहरातल्या तोदाइजी देवळात बघ, लाकडी बिंझुरू लाल टोपी घालून बाहेर बसलाय, लोक येतात, आपला जो अवयव दुखतो तो त्याचा चोळतात आणि मग आपला.

तर एकीकडे असे हे दाराबाहेर बसलेले म्हातारे आणि दुसरीकडे योशिवाराच्या, म्हणजे एदोतल्या वेश्यावस्तीच्या, गणिका. साधूच्या जागी अशी बाई काढणं म्हणजे धर्माची टर उडवणं आहे असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. हानतायूची गोष्ट ऐक म्हणजे कळेल. ही योशिवारातली गणिका, असं सांगतात की कुणीतरी तिच्यापुढे दारुमाचं कौतुक करत होतं, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला वगैरे. त्यावर ती म्हणाली की त्यात काय एवढं, आम्ही तर दहा वर्षं रस्त्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे आमचं ज्ञान त्याच्यापेक्षा एका वर्षाने जास्तच. करार साधारण दहा वर्षांचा असायचा ना, आणि संध्याकाळ झाली की जाळीमागे रांगेत बसायचं, येणारे-जाणारे बघणार. यावरूनच हानाबुसा इत्चो या चित्रकाराने बाईच्या रूपातला दारुमा काढला आणि मग तो विषय पिढ्यान्‌पिढ्या चालला, कधी दोघं शेजारी, कधी त्याचं वस्त्र तिच्या अंगावर आणि तिचा किमोनो त्याच्या.

तिचं ते वाक्य लोकांनी विनोद म्हणून जपलं, मला ते अगदी सरळ खरं वाटतं. टोकियोत मिनोवाला जोकानजी नावाचं देऊळ आहे, योशिवारात मेलेल्या, नातेवाईक नसलेल्या बायकांना तिथे आणून टाकायचे, साधारण २५,००० जणींचा आकडा सांगतात, कितीतरी जणी विशीतच गेलेल्या. चित्रात मात्र याचा मागमूस नाही, कारण तीच चित्रं योशिवाराची जाहिरातही होती, विकली जायची. मला त्रास होतो तो याचा. आणि तरी चित्रं बघणं सोडवत नाही.

कारण काम बघ ना! आता लिंक पाठवते ती झूम करून कपाळाजवळ बघ, जिथे केस सुरू होतात तिथे. पातळ कागदावरचं चित्र चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं म्हणजे रेघ उभी राहते, अशी एकेक बट. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, कागद हलू नये म्हणून फळीच्या कडेला खाच, आणि मागून बारेन नावाच्या चकतीने हाताने घासायचं. कुठे कुठे तर शाईच न लावता नुसता दाब देऊन किमोनोवरची नक्षी उठवलेली असते, ती फोटोत नीट दिसत नाही, कागद तिरका धरला तरच दिसते.

अजून एक राहिलं. सोळा रकानांत रागोरा आहे, म्हणजे राहुल, बुद्धाचा मुलगा. जपानात त्याला छाती उघडून आत बुद्धाचा चेहरा दाखवणारा असा काढतात, उजी गावच्या मानपुकुजी देवळात तशी मूर्ती आहे. आणि हाच राहुल अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात लहान पोर आहे, यशोधरा त्याला पुढे करतेय, समोर भिक्षापात्र घेतलेला बाप. तू गेली होतीस तेव्हा त्या भिंतीचा फोटो काढला होतास ना? असेल तर ओरिजिनल साइजमध्ये पाठव, व्हॉट्सॲपवर नको, फार कॉम्प्रेस होतो, मेल कर. मला दोन्ही राहुल शेजारी शेजारी लावून बघायचेत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
शमा