मंडळाच्या खोलीविषयी, सिंगापूरहून

सिंगापूर, १२ एप्रिल

तीर्थरूप आप्पाकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

लालबागच्या खोलीवरून ग्रामस्थ मंडळात दोन तट पडलेत आणि पुढच्या बैठकीत तुम्हाला चिनी लोकांच्या परदेशातल्या संस्थांविषयी बोलायचं आहे, असं तुम्ही लिहिलंत. सिंगापूरपुरतं सविस्तर कळवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या संस्था नुसत्या गावाच्या ओढीवर टिकल्या नाहीत, जमिनीवर टिकल्या. आणि ती जमीन एका घराची होऊ नये असा बंदोबस्त झाला, म्हणून टिकल्या.

संस्था मुख्यतः दोन प्रकारच्या. एक मुलखाची नि बोलीची, तिला 'हुआय क्वान' म्हणतात. दुसरी आडनावाची, म्हणजे सगळे तान किंवा सगळे लिम. हाक्का, हॉकिएन, तिओच्यू हे दक्षिण चीनमधले वेगवेगळ्या बोलींचे गट. हाक्का लोकांची यिंग फो संस्था १८२२ची, म्हणजे इंग्रजांनी इथे वखार घातल्यावर तीनच वर्षांत उभी राहिलेली. हॉकिएन लोकांची १८४०ची, तेलोक आयर रस्त्यावरच्या सागरदेवीच्या देवळात सुरू झालेली. तेव्हा समुद्र त्या देवळाच्या दारापर्यंत होता. जहाजातून उतरलेला माणूस आधी देवीला उदबत्ती लावी आणि तिथेच आपल्या बोलीचा माणूस शोधी. बोलीवरून धंदाही ठरे: तिओच्यू मिरी आणि गँबिअर (कातडी कमावायला लागणारी वनस्पती) यांच्या मळ्यांत, हायनानचे लोक स्वयंपाकी किंवा कॉफीच्या दुकानात. झोपायला जागा, ओळखीने काम, घरी पाठवायचं पत्र आणि पैसे ही सगळी सोय आपल्याच मुलखाच्या माणसांकडून होई. पत्र आणि रक्कम एकत्रच जात. गावाहून उत्तराची चिठ्ठी आली की पैसे पोचले असं धरत. ही पत्रं २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली आहेत.

पण खरं काम मरणाचं. बहुतेक पुरुष एकटे आलेले, दाटीच्या खोल्यांत राहणारे. मेल्यावर उचलणार कोण, पुरणार कुठे? म्हणून संस्थांनी सगळ्यात आधी दफनभूमी घेतल्या. गावाबाहेरची, कुणाला नको असलेली ती जमीन पुढे शहराच्या ऐन मध्यात आली.

तिओच्यू लोकांच्या न्गी आन कोंगसीचं (कोंगसी म्हणजे सामायिक संस्था) उदाहरण बैठकीत जरूर सांगा. १८४५ साली सिआ यू चिन या व्यापाऱ्याने बारा आडनावांच्या घराण्यांना घेऊन ती स्थापली आणि ऑर्चर्ड रोडलगत सुमारे ७० एकर दफनभूमी घेतली. कारभार मात्र पुढे सिआ घराण्याच्याच हातात राहिला आणि हिशेब लोकांपुढे येईना. १९२० च्या दशकाअखेर लिम नी सून यांच्या पुढाकाराने इतरांनी जाब विचारला, १९२९ मध्ये तिओच्यूंची वेगळी संस्था काढली आणि १९३३ मध्ये कोंगसीसाठी स्वतंत्र कायदाच करून घेतला. तेव्हापासून मालमत्ता संस्थेची, घराण्याची नाही. दफनभूमीतल्या कबरी पुढे उकरून हलवल्या आणि १९९३ पासून त्या जागेच्या एका भागावर न्गी आन सिटी हा प्रचंड मॉल उभा आहे. कोंगसीने १९६३ मध्ये काढलेलं कॉलेज आज सरकारी पॉलिटेक्निक आहे. शिष्यवृत्त्या अजून चालू आहेत.

यिंग फोच्या वाट्याला इतकं नशीब आलं नाही. त्यांची दफनभूमी सरकारने संपादित केली. साडेचार एकर तेवढी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत मिळाली. कबरी खणून अवशेष दाटीने पुरले. कॉमनवेल्थ भागात सरकारी इमारतींच्या मधोमध एकसारख्या बुटक्या शिळांच्या रांगा दिसतात, दोन शिळांमध्ये जेमतेम पाऊल ठेवण्यापुरती जागा. गेल्या आठवड्यात छिंगमिंग झाला, आपल्या पितृपक्षासारखा त्यांचा पितरांचा सण; त्या दिवसांत तिथे उदबत्त्यांचा धूर असतो.

आता तुमच्या उपयोगाचं, म्हणजे संस्थेची घटना, तिची नियमावली. इथे संस्था नोंदवायला किमान दहा माणसं लागतात. नोंदणी झाली तरी साध्या संस्थेला स्वतःच्या नावावर स्थावर घेता येत नाही. ती विश्वस्तांच्या नावे होते. सरकारी नमुना घटनेत विश्वस्त दोन ते चार, आणि कुणी वारला किंवा वर्षाहून जास्त देशाबाहेर राहिला तर त्याची जागा रिकामी धरायची. हे कलम कागदावरच राहिलं की घोळ होतो: विकायच्या वेळी खरेदीखतावर तिघे दिवंगत विश्वस्त आणि त्यांच्या वारसांच्या सह्यांमागे धावाधाव. खजिनदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच पदावर राहता येत नाही, बाकीच्यांना येतं. मला हा नियम सगळ्यात शहाणा वाटतो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या २५ टक्के किंवा ३० जण, यांत जो आकडा लहान असेल तो. माणसं जमली नाहीत तर अर्धा तास सभा तहकूब, मग हजर असतील तेवढ्यांत कामकाज. मात्र अशा सभेत घटनेत बदल करता येत नाही. आपल्याकडे 'गणपूर्तीअभावी' झालेल्या सभांत काय काय मंजूर होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९६० नंतर घरं, शाळा, दवाखाने सरकारने घेतले आणि या संस्थांचं निम्मं काम गेलं. १९७९ पासून मंदारिन, म्हणजे चिनी प्रमाणभाषा, बोलण्याची मोहीम निघाली, नव्या पिढीची बोलीही सुटली. १९८६ मध्ये सात मोठ्या संस्थांनी मिळून महासंघ काढला. १९९२ मध्ये महासंघाने इथल्या चिनी व्यापारी मंडळाची साथ घेऊन गरीब चिनी कुटुंबांच्या मुलांच्या शिकवण्यांसाठी परिषद काढली. तिच्यासाठी चिनी नोकरदारांच्या पगारातून महिन्याला अर्धा ते तीन डॉलर कापतात. भारतीयांसाठी सिंडा ही तशीच संस्था आहे, तिथे १ ते ३० डॉलर, त्यात इथला मराठी नोकरदारही आला. नको असेल तर अर्ज करून बंद करता येतं. ज्यांच्याकडे ना जमीन ना भाडं, त्या छोट्या आडनावांच्या संस्थांत मात्र म्हातारी मंडळी पत्ते मांडून बसलेली दिसतात, बस्स.

बिल्डरशी बोलण्याआधी खोलीची भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते पाहा. नाना गेल्यावर विश्वस्तबदलाचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे कुणी टाकला का? मुदत ९० दिवसांची असते. पावती आणि विश्वस्तांची यादी, दोन्हींचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे पुढचं लिहितो.

काकूंना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

आपला,
सुधीर