आई, ते मंडईमुळं नव्हतं

ती. आई, ती. बाबा,
नमस्कार.

फोन सोडून कागद कामून लिहून राहिली म्हणून बाबा हसतील. पण फोन तुम्ही स्पीकरवर टाकता, मग पंकज, शेजारची काकू, दूध न्यायला आलेलं पोट्टं, सगळे ऐकतात, आणि आई रडायला लागली की मी "रेंज नाही, रेंज नाही" म्हणून कट करते. रेंज असते आई. तीन वर्षं मी हेच करून राहिली. म्हणून बाबा, चष्मा लावा, सपरीत बसा, आईला जवळ बसवा आणि तुम्हीच वाचून दाखवा. पंकजला वाचायला देऊ नका, त्याच्याबद्दलपण आहे यात.

आधी तब्येतीचं, नाहीतर आई पुढचं ऐकणारच नाही. मी बरी आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेते, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.2 आलं. हे शाळेत जायच्या आधी भात टाकून जातात, जरा आसट करतात पण करतात. पिण्याच्या पाण्याची कॅन येते, इन्व्हर्टर घेतला, त्यामुळं लाइन गेली तरी माझं सेंटर बंद पडत नाही. तू पाठवलेली लाखोळीची डाळ अजून अर्धा डबा आहे. म्हणजे खाण्यापिण्याची काळजी करू नको.

आता खरं. संक्रांतीला पंकज आला होता, बोलता बोलता म्हणाला, आई तीन वर्षांपासून गावच्या मंडईच्या जत्रेला जात नाही, नाटकाचा लाउडस्पीकर लागला की दार लावून झोपते. मी म्हटलं पाय दुखत असतील. तो म्हणाला, "नाही वं ताई, तुझं झालं ना तेव्हापासून." त्या रात्री मला झोप लागली नाही आई. तू, जी मंडईच्या आठ दिवस आधीपासून घर सारवून ठेवायची, कोचईच्या वड्या करायची, वडशाची कोणती नाटक कंपनी येऊन राहिली ते बाबांना दहादा विचारायची!

2022 च्या मंडईला तूच मला बोलावलं होतं. पहिलं पोट आहे, गावच्या देवाच्या पाया पडून जा म्हणालीस. मी एसटीनं वडशापर्यंत आले, तिथून काळीपिवळीत हादरे खात, मग रात्रभर पोत्यावर बसून नाटक पाहिलं, आणि पंधरा-वीस दिवसांनी मी तुला फोनवर सांगितलं की पडलं. तू एकदाच म्हणालीस, "मीच बोलावलं माय तुला." मी तेव्हा काहीच बोलले नाही. तुला तसंच वाटू दिलं. सोपं होतं ते माझ्यासाठी.

ते पडलं नव्हतं. आम्ही ठरवून काढलं.

बाबा, इथं थांबा थोडं, आईला पाणी द्या, मग पुढं वाचा.

मंडईला आले तेव्हाच नागपूरच्या तपासणीची तारीख माझ्या पर्समध्ये होती. आठव्या आठवड्यात इथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात सिकलसेल निघालं. मला आजार नाही, मी वाहक आहे, त्याला एएस म्हणतात. मग ह्यांचं तपासलं, तेपण एएस. लग्नात आपण कुंडली पाहिली, मामांनी गुण मोजले, मानपान मोजला, पण रक्त कोणी पाहिलं नाही, कोणाला माहीतच कुठं होतं. वाहकाला तसं काही होत नाही, मी रोवणी करायची, हे व्हॉलीबॉल खेळतात. पण दोघंही वाहक असले की भानगड होते. बाबा, तुम्हाला असं सांगते, डब्यात चार चिठ्ठ्या आहेत. एक चोख, दोन आमच्यासारख्या, एक लाल. लाल म्हणजे एसएस, खरा आजार. आणि एकदा लाल निघाली म्हणून पुढच्या तीन चांगल्या असं नसतं, दरवेळी चारही चिठ्ठ्या परत डब्यात जातात. हे मला समजायलाच दोन डॉक्टर लागले.

बाराव्या आठवड्यात पोटातून सुई घालून वारेचा तुकडा घेतला. दुखलं म्हणण्यापेक्षा भीती जास्त होती, ह्यांचा हात मी इतका दाबला की नखं रुतली. रिपोर्ट यायला काही दिवस लागले. लाल निघाली.

त्या मुलांच्या रक्तातल्या पेशी धान कापायच्या इळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, मग हाडं दुखतात, अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे होतात. आता गोळ्या आहेत, हायड्रॉक्सियुरिया देतात, पुष्कळ मुलं जगतात, शिकतात. ह्यांच्याच शाळेत सहावीत एक पोरगी आहे एसएसची, महिन्यातून चार दिवस गैरहजर, पण पाढे तिच्यासारखे कोणाला येत नाहीत. तिला पाहिलं की माझ्या पोटात काय होतं ते मी लिहीत नाही. आम्ही बरोबर केलं की चूक, ते मी अजून ह्यांनापण विचारलं नाही. तेव्हा आमच्यात तेवढीच ताकद होती एवढंच सांगते. आणि त्यात तुझी मंडई कुठंच नव्हती आई. काळीपिवळी नव्हती, पोतं नव्हतं, तू भरवलेला गुळाचा शिरापण नव्हता.

बाबा, तुम्ही आता शकू आत्याचा विचार करून राहिले असाल. मीपण केला. बोटं सुजायची, डोळे हळदीसारखे, थंडीत रात्रभर हाडं धरून रडायची, आजोबांनी काविळीचं झाडपाल्याचं दिलं, कोणी बाहेरचं म्हणालं, देवऋषी झाले. बाराव्या वर्षी गेली. तुम्ही तिला बंडीत घालून दवाखान्यात नेत होते ती गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितली, मी दहावीत होते तेव्हा, आणि परत कधी नाही. बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं बंडी हाकून आणखी काय करणार होतं.

माझ्यात हे तुमच्याकडून आलं की आईकडून, ते मी शोधून राहिली नाही, आणि तुम्हीपण त्यावरून एकमेकांना बोलू नका, मला कळलं तर मी येणार नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला आवडली. आपल्याकडं जंगल, तलाव, डास, थंडीतापानं घरंच्या घरं जायची. ज्यांच्या रक्तात हे अर्धं असायचं त्यांना मलेरिया जोराचा धरत नाही, ते लहानपणी तगायचे. म्हणजे आजोबांच्या पिढीत जे जगले त्यातले काही ह्याच रक्तामुळं जगले असतील. म्हणून बाबा, ह्या रक्ताला शिवी देऊ नका.

2024 चं तुम्हाला माहीत आहे, ते मात्र खरंच आपोआप गेलं, आठव्या आठवड्यातच. त्याच्या आधी सहा महिने अंडं तयार व्हायच्या गोळ्या, दर महिन्याला सोनोग्राफी, पहाटेच्या गाडीनं नागपूर. कालनिर्णयवर हे लाल पेननं गोळ्यांच्या तारखा लिहायचे, मागच्या बाजूला दुधाचा हिशोब आणि पुढच्या बाजूला आमचा संसार. दुसऱ्यांदा झाल्यावर आम्ही दोघं महिनाभर कामापुरतंच बोललो. भांडण नव्हतं, भांडायलापण काही उरलं नव्हतं. हे बाहेरच्या खोलीत झोपायचे, म्हणायचे पेपर तपासायचे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कसले पेपर? मग एक दिवस बाजारातून झिंगे घेऊन आले, मला वास सहन होत नाही ते विसरून. भाजत बसले, घरभर धूर. मी खोकत खोकत बाहेर आले आणि पहिल्यांदा ओरडले, आणि ओरडता ओरडता हसायला आलं. मग ओट्यावर बसून खूप वेळ बोललो. तेव्हापासून ठीक आहोत.

आणखी एक रस्ता होता. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ करायचा, तपासून चांगला असेल तोच पोटात ठेवायचा. आम्हाला सांगितलेला हिशोब पाच लाखाच्या वर गेला आणि तोही राहीलच याची खात्री नाही. बाबा, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, बोडीकडची धानाची बांधी विकू. म्हणूनच तुम्हाला आधी सांगितलं नाही. ती बांधी विकायची नाही. पैशापेक्षापण खरं कारण हे की माझ्या अंगात आता सुयांची हिंमत नाही, आणि चिठ्ठी उघडायची तर त्याहून नाही.

तर आम्ही ठरवलं. आता दवाखाना बंद. आम्ही दत्तक घेऊन राहिलो. म्हणजे नाव टाकलंसुद्धा, विचारायला हे पत्र नाही, सांगायला आहे. रागावू नका.

सगळं सरकारी आहे, कारा म्हणून केंद्राची संस्था आहे, तिच्याच पोर्टलवर अर्ज. दिवसभर मी सेंटरवर लोकांचे ई-केवायसी आणि सरकारी योजनांचे फॉर्म भरते, त्या रात्री शटर अर्धं ओढून आमचा भरला. हे मागं स्टुलावर बसून स्पेलिंग तपासत होते, मास्तर ना. ओटीपी आला तेव्हा माझा हात थरथरत होता. पौषात भरला म्हणून ओरडू नको आई, पोर्टलला पौष नसतो. दोघांचं वय मिळून 85 च्या आत असलं की दोन वर्षांपर्यंतचं लेकरू मिळू शकतं, आमचं मिळून 65 भरतं. समाजसेविका घरी येऊन पाहणी करते, त्याचे 6000 रुपये, लेकरू मिळतं तेव्हा 50 हजार, आणि शेवटचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. रांग मात्र लांब आहे, तीन वर्षं तरी धरून चाला. आम्ही मुलगी लिहिली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी विचारलं, "लेकरू आपल्या रंगाचं भेटंल का?" मग मला समजलं की झालं, तयार झाल्या.

ती समाजसेविका तुमच्याशीपण बोलेल कदाचित. तेव्हा आई, नवसाचं काढू नको. आणि "स्वतःचं असतं तर" असं म्हणू नको, तिच्यासमोर नाही आणि माझ्यासमोरपण नाही. मनात म्हण, मनाला मी काही सांगत नाही. चैत्रात महाकालीला जाऊन पाळणा वाहायचा तू बोलली आहेस, तो वाहा, पाळणा तर लागणारच आहे. फक्त वैदूची मुळी आता पाठवू नको, मागचीच मी तुळशीच्या कुंडीत पुरली, तुळस मेली.

आता तुमचं ऐका. बाबा, बीपीची गोळी डोकं दुखलं की घ्यायची नसते, रोज घ्यायची असते. कवेलू फेरायला स्वतः चढू नका, माणूस लावा, मजुरी मी फोनवर टाकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळा लागायच्या आत करू. आणि आई, मोहफुलं पडायला लागतील आता, अंधारात एकटी वेचायला जायचं नाही. चांगला उजेड पडल्यावर चार बायांसोबत जाजो, खाली वाकून बसलं की वाघाला माणूस वाटत नाही, हे तूच मला लहानपणी शिकवलं होतं. चार पायल्या कमी आल्या तरी चालतील.

पंकजचं. पवनीकडची मुलगी चांगली आहे, मला पसंत आहे, पण साक्षगंधाच्या आधी पंकजनं सिकलची तपासणी करायची. आधी त्याची. त्याच्यात असायची निम्मी शक्यता धरून चाला. त्याचं चोख निघालं तर मुलीकडं काही बोलायची गरजच नाही. त्याच्यात निघालं तर मग मुलीचं, आणि तेव्हा नीट बोलायचं, मामांच्या आवाजात नाही. एकात असलं तरी लग्नाला काही अडत नाही, दोघांत नको एवढंच. त्याला हे मी स्वतः सांगणार आहे, फक्त तुम्ही "कशाला उगाच" म्हणू नका. माझ्या वेळी म्हणायला कोणी नव्हतं, आता मी आहे.

आई, लहानपणी नाटकात मी दुसऱ्या अंकातच तुझ्या मांडीवर झोपायची, तू पदर घालायची, पदराला चुलीचा वास यायचा. विनोदी पात्र आलं की तू मला हलवून उठवायची, "ऊठ वं, हसायचं आलं." मी अर्ध्या झोपेत सगळ्यांसोबत हसायची, काय झालं ते माहीत नसायचं. यंदाच्या मंडईला मी येऊन राहिली. हेपण येतील, सुट्टी टाकतील. पुढचं तिकीट काढू, पोत्यावर नाही बसायचं, तुझ्या गुडघ्याला खुर्ची पाहिजे. तू आली नाहीस तर मी एकटी जाऊन बसेन आणि कोणी विचारलं तर सांगेन आई रुसली.

वाचून झालं की लगेच फोन करू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग करा, स्पीकर बंद करून.

तुमची
बेबी

ता. क. पंकजची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, पैसे देऊन बाहेर करू नका. रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, तोंडी "नॉर्मल आहे" चालणार नाही. आणि आंबाडीचं लोणचं झालं असेल तर त्याच्यासोबत एक बरणी, झाकण घट्ट लावून, मागच्या वेळी सगळी पिशवी तेलकट झाली होती.