पन्हळीचे पाणी टाकीत घ्या

महोदय,

कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की वाड्यांवर टँकर सुरू. याचे आता कुणाला नवलही वाटत नाही! जांभ्यात पाणी टिकत नाही, उरलेले उतारावरून खाडीला मिळते. तेव्हा इथे जिरवण्याइतकेच साठवणेही महत्त्वाचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या घरावरून, वाया जाणारे सोडले तरी लाखभर लिटर सहज उतरते. सगळे साठवा असे कोण म्हणतो? सप्टेंबरअखेर दहा हजार लिटरची टाकी भरून ठेवली, तर माणशी रोज २० लिटरप्रमाणे चौघांना चार महिने पुरते.

मात्र पहिल्या सरींचे पाणी टाकीत घेऊ नये. कौलांवरचे शेवाळ, पाचोळा, पाखरांची घाण त्यातच उतरते. पाइपाच्या खालच्या टोकाचे बूच काढून ते बाहेर सोडावे. टाकीला जाळी आणि घट्ट झाकण हवेच, नाहीतर डासांची सोय. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

ग्रामपंचायतींनी निदान नव्या घरांच्या नकाशात तरी टाकीची जागा दाखवायला लावावी. सुरुवात घरकुलांपासून करता येईल.

– एक वाचक, संगमेश्वर