शेवटच्या गाडीला पाच मिनिटं थांबवा

संपादक साहेब, नमस्कार.

उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी एसटी थांबवावी का यावर आमच्याकडं पानठेल्यावर रोज वाद चालतो. माझं म्हणणं सरळ आहे, दिवसा अजिबात थांबवू नका. स्टँडवर येऊन खर्रा घोटत बसलेल्या माणसासाठी भरल्या गाडीतली लेकरं-म्हाताऱ्या उन्हात कशाला शिजवायची? पण संध्याकाळच्या मुक्कामी गाडीचं गणित वेगळं आहे बाप्पा, ती सुटली की खेड्यात जायला दुसरं काहीच नसते, काळीपिवळीवाले तर अंधार पडला की येतच नाहीत, आणि उशीर बहुतेक वेळा प्रवाशाचा नसतोच, जिल्ह्याहून येणारी गाडीच लेट असते. तर कंट्रोलरनं त्या गाडीच्या कंडक्टरला एक फोन लावून विचारावं की पुढं जाणारे किती जण आहेत, असतील तर पाच-दहा मिनिटं थांबवावी, आणि भोंग्यावर तसं सांगावं म्हणजे बसलेले लोक चिडत नाहीत. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला, 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं एकट्यादुकट्या म्हाताऱ्या बाया आता खूप दिसतात. आणि तरीही गाडी हुकलीच तर रात्री स्टँडवर निदान एक लाईट, पंखा अन् उघडा संडास तरी ठेवा, कुलूप लावून जाऊ नका.

— एक प्रवासी, जि. यवतमाळ