लंबक मोठ्या कोनातूनही सोडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारची अकरावीतली मुलगी परवा फिजिक्सचं जर्नल घेऊन आली. साध्या लंबकाचा प्रयोग, 'जी'चं (गुरुत्वीय त्वरणाचं) उत्तर नेमकं 980. मैत्रिणीचंही 980, सगळ्या वर्गाचंच 980! लंबक कुणी हलवलाच नव्हता, रीडिंग फळ्यावरून उतरवलेली.

सहज विचारलं, पणजी-बेती फेरीबोट सिंपल हार्मोनिक मोशन करते का? "करते की, ये-जा करते ना!" बोट वेळ पाळते असं घटकाभर धरू (सकाळच्या गर्दीत रांगेत उभे राहणारे हसतील). मग तिची गती आवर्ती झाली, म्हणजे ठरावीक वेळाने तीच हालचाल पुन्हा, एवढंच. सिंपल हार्मोनिक मोशनला मध्याकडे परत ओढ लागते, तीही अंतराच्या प्रमाणात. बोटीला मांडवी नदीच्या मधोमध परत ओढणारं काही नाही. लंबकाचं तसं नाही. त्याला मध्यापासून जितकं लांब न्यावं तितकी परतीची ओढ वाढते, आणि हे प्रमाण कोन लहान असेतोवरच टिकतं. लांबी आणि आंदोलनाच्या वेळेवरून 'जी' काढायचं सूत्र या अटीवर उभं आहे. मुलं अट घोकतात, ती मोडल्यावर काय होतं ते कुणी दाखवत नाही.

नोकरीत असताना मी ती मुद्दाम मोडायला लावायचो. टांगलेल्या बिंदूपासून बॉबच्या (दोरीला लटकणाऱ्या गोळ्याच्या) मध्यापर्यंत एक मीटर (बॉबची त्रिज्या विसरणारे दरवर्षी निघायचेच). पाच अंशांतून सोडला की 20 आंदोलनांना 40 सेकंद. बॉब पितळी असो की शिशाचा, तेवढेच. आता 60 अंशांतून सोडा, काटा 42 च्या पुढे जातो. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, त्यालाही हा फरक नडला. पुढे कोन बदलला तरी वेळ तीच राहावी म्हणून त्याने दोरीच्या दोन्ही अंगांना वक्र पट्ट्या बसवल्या.

आणखी एक. मुलं स्टॉपवॉच टोकाला सुरू करतात. तिथे बॉब रेंगाळतो, नेमका क्षण सापडत नाही. मागच्या भिंतीवर खडूची उभी रेघ ओढावी आणि बॉब ती ओलांडताना मोजावं. तिथे तो सर्वांत वेगात असतो.

उच्च माध्यमिकच्या शिक्षकांना विनंती, या प्रयोगाला दोन तासिका द्या आणि तोंडी परीक्षेत सूत्र न विचारता 60 अंशांचं रीडिंग विचारा. स्टॉपवॉच पुरत नसतील तर मोबाईल चालतो. बॉबऐवजी दोऱ्याला बांधलेला जड नटही चालतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, म्हार्दोळ