साहेब, माझ्या फ्रीजरमधला माल कचरा नव्हता

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वर खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. कोंबडी जिवंत असते तोवर ती पशुसंवर्धनची. कापली की अन्न व औषधवाल्यांची. पिसं गटारात गेली की प्रदूषणवाल्यांची, दुकानासमोर वास आला की नगरविकासची, आणि तिच्या पायांपासून मी काही बनवते म्हटलं की उद्योग खात्याची. पत्र नेमकं कुणाला घालावं ते कळेना, म्हणून चव्हाट्यावर मांडतेय. गोड मानून घ्या.

झालं असं की गेल्या मंगळवारी आमच्या कुमठा नाक्याच्या चिकनच्या दुकानात पथक आलं. कुणाचं ते लिहीत नाही, पावतीवरचा शिक्काही धड उमटलेला नाही. मागच्या खोलीत दोन डीप फ्रीजर आहेत, हप्त्यावर घेतलेले. त्यात सोललेले पाय, बोनलेस काढून उरलेले सापळे, माना आणि कातडी होती, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, वर तारखा टाकून. पथकातल्या साहेबांनी झाकण उचललं आणि म्हणाले, "बाई, एवढं वेस्टेज साठवून ठेवलंय?" बरोबरच्या माणसाला त्यावर फिनाईल ओतायला लावलं. शिवाय अस्वच्छतेचा दंड ठोकला. उणे अठरा अंशांवर गोठवलेला माल अस्वच्छ, आणि रस्त्याकडेच्या उघड्या ड्रममध्ये आतडी कुजताहेत ती चालतात, कारण ती रीतसर कचरा आहेत!

निवडणुकीआधी बचत गटांच्या मेळाव्यात तुम्हीच म्हणाला होतात, कचऱ्यातून संपत्ती उभी करणाऱ्या भगिनींना औद्योगिक वसाहतीत गाळा देऊ. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गाळा देणार नसाल तर निदान त्या टाळ्या तरी परत करा.

आता मी काय करते ते ऐका, कारण तुमच्या माणसांनी विचारायची तसदी घेतली नाही. दोन किलोचा बॉयलर कापला की गिऱ्हाइकाच्या पिशवीत साधारण 1400 ग्रॅम जातं. 600 ग्रॅम मागे उरतं. सोलापुरात रोज किती कोंबड्या कापल्या जातात ते मला कुणी सांगू शकलं नाही. दहा हजार धरा, सहा टन झाले. वीस हजार धरा, बारा टन. आकडा चुकत असेल तर तुम्ही मोजून दाखवा, माझी ना नाही.

त्यातलं सगळं खायचं नसतं, हे मला पथकापेक्षा जास्त कळतं. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, आपल्या नखा-केसांत असतं तेच प्रथिन. दाबाखाली वाफवल्याशिवाय ते जनावरालाही पचत नाही. पिसं-आतडी रेंडरिंगला, म्हणजे शिजवून-वाळवून दळणाऱ्या कारखान्यात, जायला हवीत, त्यांची पावडर मासे-कोंबड्यांच्या खाद्यात जाते. केरळात त्यासाठी प्लांट उभे आहेत. पण पाय, सापळा, मान, कातडी? हे अन्नच आहे. चीन अमेरिकेतून कोंबडीचे पाय जहाजं भरभरून मागवतो. 2019 मध्ये त्यांनी अमेरिकी कोंबडीवरची बंदी उठवली तेव्हा तिकडच्या कंपन्यांना सगळ्यात मोठा आनंद पायांचाच झाला. आमच्याकडे सासूबाई म्हणतात, पाय विकून कोण मोठं झालंय?

पाय सोलायला पाणी साठ अंशांच्या आसपास लागतं. जास्त तापलं तर पिवळी साल मांसाला धरून बसते, कमी पडलं तर सुटतच नाही. नेमकं जमलं की मोज्यासारखी अख्खी निघून येते. मग नखं छाटायची, तळव्यावर काळा व्रण दिसला की तो पाय बाजूला टाकायचा. हे काम माझ्याकडे पूर्वी विड्या वळणाऱ्या बायका करतात. त्यांच्या बोटांचा वेग बघायला या एकदा. मग पाय आणि सापळे मंद आचेवर तासन्‌तास शिजतात, त्यातलं कोलॅजन, म्हणजे कातडी-सांध्यांतलं चिवट प्रथिन, विरघळून जिलेटिन होतं. रस थंड केला की थरथरीत वडी जमते आणि वर चरबी येते ती अलगद काढता येते. रस आटवून वाळवला की सूपची पावडर. बाजारातलं जिलेटिन बहुतेक गुरांच्या नाहीतर डुकराच्या कातड्या-हाडांचं असतं. म्हणून या गावात कितीतरी घरांत जेली शिरत नाही. रीतीनं कापलेल्या कोंबडीच्या पायांचं जिलेटिन असेल तर त्यांचा प्रश्न मिटतो. पण तसा प्रस्ताव मी दिला, तर त्याच्या फाइलवर कुणीतरी शेरा मारलाय, "प्रस्ताव किळसवाणा." सही मात्र नाही!

सगळा खेळ कापल्यानंतरच्या पहिल्या काही तासांचा आहे. तेवढ्यात वेगळं करून थंड केलं तर अन्न, पिसांबरोबर एकाच ड्रममध्ये पडलं तर कायमचा कचरा. मला अनुदानाआधी हवेत ते वेगळे डबे आणि सकाळी लवकर फिरणारी एक थंड गाडी. एवढंच. पण गाडी येते ती दुपारी, उघडी, आणि सगळं एकत्र कोंबून घेऊन जाते. काही माल भोगावच्या कचरा डेपोवर जातो, काही कुठे जातो ते विचारू नये. देशात बंदी असलेला मांगूर मासा उजनीच्या काठानं कशावर पोसला जात होता, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्याच उजनीचं पाणी आम्ही पितो. तेही चार-पाच दिवसांआड.

आणि त्याच पाण्यावरून मला विचारतात, तुमच्याकडे सांडपाणी प्रक्रिया आहे का? साहेब, आधी सांडायला पाणी तरी द्या. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. हार-तुरे झाले, रस्ते खोदले, दिवे लावले, कोंबडी कापायला मात्र आजही एक धड आधुनिक कत्तलखाना नाही. केंद्रानं 2020 मध्ये पशुसंवर्धनाच्या पायाभूत सोयींसाठी 15,000 कोटींचा निधी जाहीर केला, व्याजात तीन टक्के सवलत. ते वाचून मी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी जमिनीचा सातबारा मागितला. माझी जमीन असती तर मी कोंबडीचे पाय कशाला सोलले असते? मांसावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था हैदराबादला आहे, इथून हायवेनं तीनशे किलोमीटर. तिथले शास्त्रज्ञ या मालापासून काय काय बनतं ते शिकवतात. आपल्याकडे साखर कारखान्याच्या मळीला, बगॅसला धोरण आहे, कारण त्यामागे कारखाने आहेत आणि कारखान्यांमागे तुम्ही आहात. कोंबडीवाल्यामागे कोण? त्याच्याकडे फक्त वर्गणी मागायला येतात.

दंड मी भरलेला नाही, भरणारही नाही. पुढच्या वेळी पथकाबरोबर अन्नातलं कळणारा एक माणूस पाठवा. पंचनामा करा, नमुना घ्या, सील करा, प्रयोगशाळेत द्या. अहवालात माल खराब निघाला तर दोन्ही फ्रीजर मी स्वतः रिकामे करीन. चांगला निघाला तर फिनाईल ओतलेल्या मालाची भरपाई द्या, आणि कचऱ्याची नवी निविदा काढाल तिच्यात वेगळ्या डब्यांची अट घाला.

आपली,
एक चिकन दुकानदारीण
कुमठा नाका, सोलापूर